वायर नसलेली बेल

या सदरातले अनुभव मी नियमित वाचते, आणि खरं सांगायचं तर हातात पेन्सिल घेऊन वाचते. दार आपोआप उघडलं? बिजागरी तपासा. भिंतीतून ठकठक? रेडिएटरचे पाइप. मानेवर थंड झुळूक? खिडकीच्या काचेची पुट्टी सुटलीय, दुसरं काही नाही. शंभर वर्षांपूर्वीचं एक घर मी पायापासून छपरापर्यंत दुरुस्त करून घेतलंय. जुनी घरं कोणते आवाज का करतात याची माझ्याकडे टाइप केलेली यादी होती. भुताखेतांची तिच्यात ओळ नव्हती.

तेव्हा मी इथे लिहायला बसावं हे माझं मलाच विचित्र वाटतंय. मला भीती वाटली म्हणून लिहीत नाही. या गोष्टीत मी जिथे उभी आहे ती जागा चांगली नाही, आणि ते कुठेतरी एकदा क्रमाने सांगून टाकायचं आहे.

घर न्यू जर्सीत, प्लेनफिल्डला. आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारापासून गाडीने पंचवीस मिनिटं. तीन मजले, एका कोपऱ्याला गोल बुरूज, पुढे रुंद पोर्च, आत ओकचा भला मोठा जिना. २००२ मध्ये आम्ही ते घेतलं. आम्ही म्हणजे मी वसुधा, एका फार्मा कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. नवरा सुधीर, किडनीचा डॉक्टर. आणि मुलगी केतकी, तेव्हा बॉस्टनला कॉलेजात. सासरे गेल्यावर पुढच्या वर्षी सासूबाई मिरजेहून कायमच्या आमच्याकडे आल्या. त्यांना मी 'आई'च म्हणायचे.

मला घरसजावटीच्या मासिकांचं वेड होतं. एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो तेव्हा एकदा डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये असलं मासिक हातात पडलं आणि मी ते चक्क पर्समध्ये घालून घरी आणलं. मग वर्गणी, मग दुसऱ्याची वर्गणी, मग पानं कापून प्लास्टिकच्या पाकिटात घालून बाइंडर – जिने, फायरप्लेस, स्वयंपाकघरं, प्रत्येकाला वेगळा टॅब. त्या फोटोंत माणसं नसायची. टेबलावर लिंबांनी भरलेली काचेची वाटी, खुर्चीच्या पाठीवर सहज टाकल्यासारखी शाल, आणि घरात कोणी नाही. कोणाच्या गुडघ्याचं तेल नाही, रेलिंगवर वाळत घातलेलं पातळ नाही. मला ते बघून फार शांत वाटायचं. का वाटायचं, ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

दोन वर्षं घराचं काम चाललं. जिन्यावरचे रंगाचे सात थर हीट गनने उतरवले, भिंतीत अडकून पडलेले सरकते दरवाजे मोकळे केले, छताची प्लास्टरची वेलबुट्टी जुळवून आणली. सुतार व्हिन्स, सत्तरीचा, जुन्या घरांचा वेडा. त्यालाच स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाच थरांच्या रंगाखाली बेल-बोर्ड सापडला.

हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी अशा घरांत नोकरमाणसं असायची. प्रत्येक खोलीत भिंतीला एक बटण असे. मालकिणीने ते दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजायची आणि काचेच्या पेटीत त्या खोलीच्या नावाखालचा छोटा बाण आडवा व्हायचा. लायब्ररी, पार्लर म्हणजे दिवाणखाना, डायनिंग रूम, फ्रंट बेडरूम... अशी आठ नावं सोनेरी अक्षरांत. कोणी बोलावलंय ते बघून मोलकरीण धावायची, आणि जाता जाता खालची कळ दाबून बाण परत सरळ करायची. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला, आणि तिच्यासाठी स्वयंपाकघरातून वर जाणारा वेगळा, अरुंद, उभा जिना. मोठ्या जिन्यावर तिने दिसायचं नाही.

मला हे सगळं अतिशय आवडलं. पितळ घासून घेतलं, काच नवी बसवली. आतलं काही चालू ठेवलं नाही. घराचं सगळं वायरिंग नव्याने केलं तेव्हा बेलच्या कापडी वेष्टणाच्या वायरी इलेक्ट्रिशियनने उपटून काढल्या, खोल्यांतली बटणं बुजवली आणि भिंतीला नवं प्लास्टर केलं. बोर्ड नुसता दोन खिळ्यांवर टांगला. माझ्या चेकलिस्टवर 'बेल-वायर काढल्या' या ओळीपुढे माझी स्वतःची टिक आहे.

आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत मी आईंना ठेवलं होतं. ऊन छान येतं, बाथरूम शेजारी आहे, निवांत आहे – अशी तीन कारणं मी सुधीरला दिली होती. खरं कारण असं की दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या तयार होत आल्या होत्या आणि त्या मला मासिकातल्यासारख्या हव्या होत्या. "फक्त फोटो निघेपर्यंत हं आई," मी म्हटलं. कारण तोवर मी घराचे फोटो एका मासिकाला पाठवले होते, आणि त्यांचं उत्तर आलं होतं.

२००४ च्या ऑक्टोबरात कॅरोलिन नावाची त्यांची संपादक घर बघायला आली. दुपारी चारची वेळ. उंच, करडे केस, खूप गोड बोलणारी. पार्लर बघून तिने छातीवर हात ठेवला. लायब्ररीत तर ती गप्पच झाली. मी हवेत होते. मग स्वयंपाकघराचं दार ढकललं, आणि समोर टेबलाशी आई मेथी निवडत बसलेल्या. वर्तमानपत्रावर काड्यांचा ढीग, सुती पातळावर सुधीरचा जुना स्वेटर, पायात मोजे आणि त्यावर चपला.

मी त्यांना त्या वेळी वर थांबायला सांगितलं होतं. विसरल्या असतील, किंवा मेथी सुकेल म्हणून आल्या असतील.

"ओ!" कॅरोलिन हळूच मला म्हणाली, "यू हॅव हेल्प. लिव्ह-इन?"

वाक्य दोन सेकंदांचं होतं. दुरुस्त करायला एक सेकंद पुरला असता.

"येस," मी म्हणाले. "थर्ड फ्लोअर. शी'ज वंडरफुल."

"त्या जुन्या मेड्स रूममध्येच? हाऊ ऑथेंटिक!" असं म्हणून ती बोर्डाकडे वळली आणि काचेवर बोट फिरवत नावं वाचू लागली. तिला ठसका लागला. मी आईंकडे बघितलं आणि म्हटलं, "पाणी द्या जरा यांना."

एरवी मी म्हटलं असतं, 'आई, यांना जरा पाणी द्याल?' त्या दिवशी 'आई' गाळलं. कॅरोलिनला मराठी येत नव्हतं, तिला काय कळणार होतं? तरी गाळलं. आई उठल्या, ग्लास घासून पुसून खाली बशी ठेवून तिला दिला. कॅरोलिनने त्यांच्याकडे न बघता घेतला आणि हसून "थँक यू, डिअर" म्हणाली. आईंनी मान हलवली आणि परत मेथीला बसल्या. मला वाटलं, सुटले. आईंना इंग्रजी कुठे येतं!

शूट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरलं. ख्रिसमसचे फोटो ही मासिकं वर्षभर आधी काढून ठेवतात.

कॅरोलिन येऊन गेल्यानंतरच्या शनिवारी मी लायब्ररीत पडद्यांचे नमुने लावून बघत होते. मागच्या जिन्यावरून पावलं आली आणि आई धापा टाकत दारात.

"काय गं, बोलावलंस?"

"नाही हो."

"बेल वाजली की."

"कुठली बेल?"

"ती खालची. पेटीतली."

मी हसले. स्वयंपाकघरात जाऊन बघितलं तर 'लायब्ररी'चा बाण आडवा. ट्रक गेला असेल रस्त्याने, हादरा बसला असेल. कळ दाबून सरळ केला.

सोमवारी संध्याकाळी पार्लर. बुधवारी परत लायब्ररी. दर वेळी आई एकतीस पायऱ्या उतरून यायच्या, "बोलावलंस?" विचारायच्या आणि मी नाही म्हटलं की पुन्हा चढायच्या. मला बेल कधीच ऐकू आली नाही. सुधीर म्हणाला, कानात वाजत असेल, या वयात होतं. कानाच्या डॉक्टरकडे नेलं, कान ठणठणीत. मग मला शंका आली की आई स्वतःच बाण फिरवत असतील... एकटेपणाने माणूस काहीही करतं. ही शंका मी केतकीलाही फोनवर सांगितली, हेही इथे लिहून ठेवते.

व्हिन्सला बोलावलं. त्याने बोर्ड खिळ्यांवरून काढून टेबलावर पालथा टाकला. मागे स्क्रूंना बोटभर तारांची कापलेली शेपटं. भिंत सपाट. "हा मेलाय, डिअर," तो म्हणाला. "याला आता देवच वाजवू शकतो." बाणसुद्धा इतके घट्ट होते की बोटाने ढकलावे लागत होते. ट्रकचा हादरा माझ्या यादीतून गेला.

मग मी मला जे येतं ते केलं. वही घातली. वार, वेळ, आई कुठे, कोणता बाण, मी कुठे. दोन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या आणि एका रविवारी त्या मी एकाखाली एक वाचल्या. गुरुवार, डायनिंग रूम. मी डायनिंग रूममध्ये चांदी पुसत होते. शुक्रवार, फ्रंट बेडरूम. मी तिथे उशांना खोळी घालत होते. शनिवार, पार्लर, मी पार्लरमध्ये. शेवटचे दोन रकाने अकराही वेळा सारखे होते. बाण मी असेन त्या खोलीचा पडत होता. मी स्वयंपाकघरात असले की बोर्ड गप्प, कारण त्यावर स्वयंपाकघराचं नावच नाही. तिथून कोणाला बोलवायची वेळ मालकिणीवर येत नसे.

त्या रविवारी मी वही मिटली. कॅरोलिनला ते 'येस' मी एकदाच म्हटलं होतं. त्या स्वयंपाकघरात, त्या बोर्डाखाली उभी राहून म्हटलं होतं. आणि घराने ते खरं धरलं होतं.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत केतकी आली. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. तिला स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बोर्डासमोर बसवलं, हातात घरचा कॉर्डलेस फोन दिला, आणि मी कुठे जाणार ते न सांगता सेलफोन घेऊन गेले. मागच्या अंगणातून पोर्चवर, तिथून आत, मोठ्या जिन्याने वर. फ्रंट बेडरूममध्ये जाऊन कडेला उभी राहिले.

"मॉम, धिस इज सो स्टुपिड," ती फोनवर म्हणत होती. "आजीला मस्त पंपकिन पाय देऊया आणि – "

मग गप्प.

"केतकी?"

"इट मूव्ह्ड." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मॉम, आय वॉज लुकिंग राइट ॲट इट. इट जस्ट... टर्न्ड. व्हेअर आर यू?"

"तू सांग."

"फ्रंट बेडरूम."

"बेल वाजली का?"

"नो. नथिंग."

आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला, आणि मागच्या जिन्यावर चपलांचा.

केतकीने मला विचारलं, "पण आजीलाच का ऐकू येतं?" मला उत्तर माहीत होतं असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "काय माहीत." माझ्या त्या आठवड्याच्या यादीत एक ओळ होती, 'आईंशी बोलणे'. ती मी पुढच्या आठवड्याच्या यादीत उतरवली. तिथून 'शूटनंतर' या मथळ्याखाली.

शूटच्या चार दिवस आधी आई त्या जिन्यावर तीन पायऱ्या घसरल्या. घोटा मुरगळला, टम्म सुजला. फ्रॅक्चर नव्हतं. सुधीर म्हणाला, "आता तिला दुसऱ्या मजल्यावर आण." मी म्हटलं, चारच दिवस. फ्रंट बेडरूमच्या पलंगावर इस्त्रीची पांढरी चादर अंथरून झाली होती, सुरकुती पडली असती.

खरं तर शूटच्या दिवशी आईंना आयसेलिनला माझ्या मैत्रिणीकडे पाठवायचं ठरलं होतं. पायामुळे ते राहिलं. सकाळी त्यांना वर चहा-पोहे दिले आणि सांगितलं, "आज काहीही ऐकू आलं तरी खाली यायचं नाही. पाय बरा नाहीये तुमचा."

"पायासाठीच ना?" त्यांनी विचारलं.

"मग कशासाठी?" मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

आठ माणसं आली. दिवे, स्टँड, फुलांच्या बादल्या. दुपारी एकच्या सुमाराला स्वयंपाकघराचे फोटो सुरू झाले. मला कॅरोलिनने शेजारच्या डायनिंग रूममध्ये बसवलं होतं, ती मला प्रश्न विचारून घराबद्दल टिपणं काढत होती. मधलं दार उघडं होतं. फोटोग्राफर आधी चाचणीचा पोलरॉइड, म्हणजे जागच्या जागी छापून निघणारा फोटो, काढून बघत होता.

"तो बाण कोणीतरी सरळ करा रे," तो ओरडला. त्याच्या मदतनीस मुलीने कळ दाबली. दोन मिनिटांनी, "परत? हात लावू नका त्याला!"

"कोणी लावला नाही," ती म्हणाली.

कॅरोलिनने पेन थांबवून मला विचारलं, "तो तर बंद आहे म्हणाला होतात ना?"

माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं. कारण मला पावलं ऐकू येत होती. पावलं कसली... एक थप्प, मग बराच वेळ काही नाही, मग एक थप्प. आई बसून, एकेक पायरी सरकत उतरत होत्या. एकतीस पायऱ्या. हळूहळू स्वयंपाकघरातली सगळी माणसं मागच्या जिन्याच्या दाराकडे बघायला लागली.

दार उघडलं. भिंतीला धरून एका पायावर उभ्या राहिलेल्या आई. आठ अनोळखी माणसं, एवढाले दिवे. त्यांनी पदर सारखा केला, आणि मी कधीही न ऐकलेल्या स्वच्छ, ठाम आवाजात विचारलं –

"येस? हू इज कॉलिंग, प्लीज?"

कोणीतरी कौतुकाने हसलं. कॅरोलिन म्हणाली, "ओ, पुअर थिंग! तिला आज सुट्टी द्यायला हवी होती." आणि माझ्याकडे बघितलं.

आता. आता तरी. हे वाक्य माझ्या डोक्यात मराठीत आलं, आणि तोंडातून इंग्रजी बाहेर पडलं.

"नो वन कॉल्ड यू. प्लीज गो अप."

बावीस वर्षांच्या संसारात मी सासूशी पहिल्यांदा इंग्रजीत बोलले.

आईंनी माझ्याकडे एक क्षण बघितलं. रागाने नाही. पत्ता बरोबर आहे का ते तपासताना बघतात तसं.

"येस, मॅडम," त्या म्हणाल्या, आणि वळल्या.

फोटोग्राफरच्या मदतनीस मुलीने पुढे होऊन त्यांना हात दिला आणि वर नेलं. मी खुर्चीतच होते.

पाचला सगळे गेले. चहा केला, कपबशी घेऊन मागच्या जिन्याने निघाले. हातात काही घेऊन त्या जिन्याने मी कधीच चढले नव्हते. पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की कप सांभाळायचा की कठडा धरायचा ते कळत नाही. वर पोचेपर्यंत निम्मा चहा बशीत होता.

आई पलंगावर पाय उशीवर घेऊन बसल्या होत्या. मी खाली जमिनीवर बसले.

"आई, त्या बाईला मी..."

"मोलकरीण म्हणालीस. माहितेय मला." त्यांनी बशीतला चहा परत कपात ओतला. "पगार तरी चांगला सांगितलास ना?"

मी मान वर केली.

"तुम्हाला... कळलं होतं?"

"अगं, अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर होते मी. 'नंबर प्लीज', 'होल्ड द लाइन', 'हू इज कॉलिंग, प्लीज.' साहेब लोक, डॉक्टर लोक, सगळ्यांची इंग्रजी बोलणी या कानांनी ऐकली. सगळं ऐकायचं आणि मध्ये बोलायचं नाही, हीच नोकरी होती."

त्या 'टेलिफोनमध्ये' होत्या एवढं मला ठाऊक होतं. तिथे काय करत होत्या, हे बावीस वर्षांत मी विचारलं नव्हतं.

"आमच्यासमोरपण असाच बोर्ड असे," त्या म्हणाल्या. "कोणी फोन उचलला की त्याच्या नंबराची छोटी झडप पडायची. पडली की उत्तर द्यायचं. कोण आहे, कसा आहे, ते मागाहून. एकदा एका बाईचं नुसतं श्वास घेणं ऐकू येत होतं. मी लाइन सोडली नाही म्हणून तिच्या घरी माणूस पोचला."

"पण आई, तुम्हाला माहीत होतं मी बोलावत नाहीये. दर वेळी मी नाही म्हणत होते. पाय दुखत होता. तरी कशाला उतरत होतात?"

त्यांनी चहा संपवला. कप बशीत ठेवला.

"ती बाई येऊन गेली, त्या दिवसापासून तू मला हाकच मारली नाहीस, वसुधा. जेवायला वाढलंय म्हणायचीस, औषध घ्या म्हणायचीस. 'आई' नाही एकदाही." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मग निदान बेल तरी वाजायची."

मी आठवून बघितलं. वहीत अकरा नोंदी होत्या आणि मी त्यांचा रकान्यांत इतका विचार केला होता. हा रकाना माझ्या ध्यानातच आला नव्हता. तोंड दाखवायला लाज वाटत होती, म्हणून तो शब्द मी टाळत गेले होते. घर त्यांना मोलकरीण समजून हाक मारतंय, असं मी समजत होते. कोणीतरी मी न मारलेल्या हाका मारत होतं, असं त्यांना वाटत होतं. यातलं कोणतं खरं हे मला आजही माहीत नाही.

त्याच संध्याकाळी सुधीरने आणि मी त्यांना खुर्चीत बसवून मोठ्या जिन्याने खाली आणलं आणि फ्रंट बेडरूममधल्या त्या इस्त्रीच्या चादरीवर निजवलं. सुधीरला सगळं सांगितलं. त्या विषयावर तो आजही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी कॅरोलिनला ईमेल केला – त्या माझ्या सासूबाई आहेत, मी खोटं सांगितलं होतं, कृपया आमचं घर छापू नका. तिचं दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं. घर छापलं गेलं नाही. ओट्यावर विसरलेलं एक पोलरॉइड तेवढं माझ्याकडे आहे. त्यात लिंबांची वाटी आहे, तांब्याचं पातेलं आहे, आणि 'डायनिंग रूम'चा बाण आडवा आहे.

त्यानंतर बोर्ड हलला नाही. मी अधूनमधून वही उघडून तारीख घालायचे आणि पुढे 'काही नाही' लिहायचे.

एकदाच अपवाद झाला. २००७ च्या वसंतात आईंचं हृदय थकत चाललं होतं. सकाळी साडेनऊला मी त्यांच्यासाठी भाताची पेज करत होते. डाव घ्यायला वळले आणि माझ्या डोळ्यांदेखत 'फ्रंट बेडरूम'चा बाण सावकाश, कोणीतरी बोटाने फिरवावा तसा आडवा झाला. बेल मला तेव्हाही ऐकू आली नाही. गॅस बंद केला आणि धावले. मोठ्या जिन्याने लांब पडतं. मागच्या जिन्याने गेले.

आई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, उठायच्या बेतात, चेहरा पांढरा पडलेला. मी धरलं नसतं तर खाली गेल्या असत्या.

"आई, बोलावलंत?"

"नाही गं," त्या म्हणाल्या, आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. "पण आलीस ते बरं केलंस."

त्या पुढे तीन आठवडे होत्या. त्या तीन आठवड्यांत मी त्यांना इतक्या हाका मारल्या की शेवटी त्याच म्हणाल्या, "पुरे गं बाई, कान किटले."

पुढच्या वर्षी आम्ही घर विकलं. घर विकताना इथे एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो. घरातल्या एकेक वस्तूपुढे ती चालू आहे, बंद आहे की माहीत नाही, ते लिहायचं. मी असल्या फॉर्मवर 'माहीत नाही'ला कधी टिक करत नाही. माहीत नसेल तर माहिती काढते. छप्पर, बॉयलर, रेडिएटर, सगळ्यांना पटापट खुणा केल्या. शेवटच्या पानावर एजंटने स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली होती, 'किचन बेल-बोर्ड'.

मी त्या ओळीवर पेन टेकवलं. एजंट म्हणाली, "इट्स जस्ट डेकोरेटिव्ह, राइट?"

मी 'माहीत नाही'ला टिक केली आणि सही केली.